धोडपवर अंडी उकडायला

चूक पोस्टरची होती, आणि पोस्टर आमचंच होतं.

ट्रेक काढायच्या धंद्यात आम्ही दोघं. मी माणसं वर नेतो आणि सुखरूप खाली आणतो, भागीदार बुकिंग आणि जाहिरात बघतो. नाशिकच्या कॉलेज रोडला चहा पिताना मी त्याला एकदा सहज म्हणालो होतो, की आपला अख्खा सह्याद्री म्हणजे थिजलेला लाव्हा. पठ्ठ्यानं तेवढंच उचललं आणि डिसेंबरातल्या धोडप किल्ल्याच्या ट्रेकचं पोस्टर केलं : 'पहाटेच्या अंधारात ज्वालामुखी चढा, माथ्यावरून सूर्योदय पाहा!' मागे लालभडक शंकू, त्यातून ठिणग्या. धोडपला एरवी बारा-तेरा डोकी जमतात. या वेळी दोन दिवसांत तेवीस झाली. मी तोंड उघडलं नाही. तेवीस माणसांत बसचं भाडं सुटून वर चार पैसे उरतात, आणि थंडीचा हंगाम संपला की आम्हाला कुणी विचारत नाही.

शनिवारी रात्री दीडला मुंबई नाक्यावर यादी घेऊन उभा होतो. एक आजी आल्या, पंचवटीतल्या. सोबत नातू, माकडटोपीतून फक्त डोळे दिसत होते. आमच्याकडे बारा वर्षांखालच्यांना नेत नाही. फॉर्मवर बारा लिहिलं होतं खरं, पण पोरगं डोळ्यांना दहाचं दिसत होतं.

"आजी, खरं सांगा, किती?"

"अरे, दोन वर्षांनी होईलच की बारा," आजी म्हणाल्या. "सप्तशृंगी गडावर देवीला जातो तेव्हा सगळ्या पायऱ्या माझ्याआधी चढतो हा. माझीच काळजी कर तू."

मागे बाकीचे ताटकळत होते. बसा म्हटलं.

आग्रा रोडनं वडाळीभोई, तिथून आत धोडंबे आणि मग पायथ्याचं हट्टी. साडेतीनला टॉर्च लावून चालायला लागलो. थंडी कसली होती ते निफाडचा पारा रोज पेपरात बघणाऱ्यांना सांगायला नको. आजी आणि नातू माझ्या पाठोपाठ, सगळ्यात मागे आमचा हट्टीचा वाटाड्या. असं केलं की कुणी हरवत नाही.

तासाभराने माचीच्या अलीकडे दम खायला थांबलो. खाली दक्षिणेकडे काळ्या मिट्ट सपाटीवर ठिकठिकाणी लाल ठिपके दिसत होते. काही विझल्यासारखे, काही धगधगते.

"काका," माकडटोपी हळूच म्हणाली, "तो लाव्हा आहे ना?"

मागे कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही, पोटात गोळा आला. म्हटलं, "नाही रे, द्राक्षबागा आहेत. पारा फार उतरला की मणी तडकतात. म्हणून शेतकरी रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात."

"मग लाव्हा वर आहे?"

"वर गेल्यावर सांगतो." माझ्या धंद्यात हे उत्तर फार कामाला येतं.

सोनारवाडी मागे पडली आणि खडी चढण लागली. लोखंडी शिडीपाशी मी नेहमी एकेकाला सोडतो आणि लहान-म्हाताऱ्यांच्या सॅक स्वतः घेतो. पोरानं सॅक दिली नाही. ओढाताण नको म्हणून मी तळाशी हात लावून तोलून बघितली, तर आत काहीतरी खुळखुळलं.

"काय आहे यात?"

"अंडी."

आजींनी खुलासा केला. नातवानं कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं, की इंडोनेशियात बाली बेटावर बातूर नावाचा ज्वालामुखी आहे, तिथं लोक पहाटे चढतात आणि जमिनीतून येणाऱ्या गरम वाफेवर अंडी उकडतात. आमचं पोस्टर बघून त्यानं सहा गावठी अंडी आणवली होती. फुटू नयेत म्हणून आजींनी स्टीलच्या डब्यात बाजरी भरून त्यात ती पुरली होती. म्हणजे दहा वर्षांचं पोर किलो-दीड किलो बाजरी पाठीवर घेऊन अंधारात धोडप चढत होतं, आणि ते माझ्या भागीदाराच्या ठिणग्यांपायी.

शिडी तो डब्यासकट चढला. मी खालून हात धरून होतो.

दरवाजातला फारसी शिलालेख मी टॉर्चनं दाखवला, 1768 साली थोरल्या माधवरावांनी राघोबादादांना इथंच हरवलं हेही सांगितलं. एरवी या गोष्टीवर मी दहा मिनिटं घेतो. त्या दिवशी दोन मिनिटांत उरकली.

सव्वासहाला गुहेपाशी पोहोचलो. सात वाजायच्या सुमारास पूर्वेला कांचना, राजदेहेर, इंद्राईची रांग आधी जांभळी झाली, मग कडा तेवढ्या पेटल्यासारख्या झाल्या आणि सूर्य वर आला. मागे वळून बघितलं तर पश्चिमेला धोडपच्या सुळक्याची टोकदार सावली लांबवर पडलेली, पार रवळ्या-जावळ्याच्या दिशेनं. धोडपला गेलात तर सूर्याकडे थोडा वेळ पाठ करा. ती सावली हळूहळू आखडत आपल्याकडे येते.

फोटो झाले आणि मग ज्याची भीती होती ते आलं. तिवईवर कॅमेरा लावलेले एक गृहस्थ म्हणाले, "सर, ते मुख कुठं आहे? पोस्टरवर होतं ते." ते स्वतः बातूरला जाऊन आले होते. 1717 मीटर, पहाटे चारला चढायला सुरुवात, वर गरम अंडी, सगळं त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. आपला धोडप 1472 मीटर, म्हणजे उंचीत फार मार खात नाही. पण त्यांच्या तक्रारीत चूक काही नव्हती.

मी सगळ्यांना सुळक्याला वळसा घालून त्या भिंतीपाशी नेलं. धोडप लांबून ओळखू येतो तो तिच्यामुळे, मधोमध खाच पडलेली सरळसोट कातळभिंत. तिथं उभं राहून आधी कबुली दिली. पोस्टर चुकीचं आहे, इथं मुख नाही, वाफ नाही, असा शंकू तर कधी नव्हताच. ज्याला पैसे परत हवेत त्यानं खाली उतरल्यावर मला सांगावं.

मग जे मला पोस्टरच्या आधी सांगायला हवं होतं ते सांगितलं. बातूरसारख्या डोंगरात लाव्हा एका तोंडातून येतो आणि तोंडाभोवतीच साचत जातो, म्हणून शंकू उभा राहतो. आपल्याकडे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ लाव्हा दूध उतू जावं तसा पसरत गेला. थरावर थर. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, स्वीडिश भाषेतली पायरी. मग पावसानं आणि नद्यांनी ते थर कापत नेले. धोडप काही जमिनीतून वर आलेला नाही, त्याच्या भोवतालचं सगळं वाहून गेलं.

"आणि ही भिंत?" पोरगं.

"भेगेतून वर येताना जो लाव्हा आतच अडकला, तो तिथंच थिजला. आजूबाजूचा खडक झिजला, हा टिकला. याला डाईक म्हणतात. तू भेगेच्या आत भरलेल्या लाव्ह्यासमोर उभा आहेस."

त्यानं हातमोजा काढला आणि तळहात कातळाला टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला.

"गार आहे."

"6.6 कोटी वर्षं निवतोय तो."

"एवढा वेळ निवायला ठेवून विसरतं का कुणी," आजी म्हणाल्या. सगळे हसले, तिवईवालेही. पोरगं हसलं नाही. त्यानं भिंतीला कान लावून बघितला.

उतरताना काही खास घडलं नाही. एकीचा पाय मुरगळला, क्रेप बँडेज बांधलं, इतकंच. गडावरनं काही उचलायचं नाही असा आमचा दंडक आहे, त्यामुळे पोराचे हात बांधलेले होते. पण हट्टीजवळ एका शेतात विहिरीच्या खोदकामाचा ढीग पडला होता, आणि शेतकरी म्हणाला, घे बाळा पाहिजे तेवढे दगड. एका काळ्या दगडात लिंबाएवढी पोकळी होती आणि आत पांढरे चमकते स्फटिक. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असले खूप बघायला मिळतात. मी त्याला सांगितलं, लाव्हा थिजताना आतल्या वायूचा बुडबुडा असा अडकला, मग लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि त्यातली खनिजं इथं जमत गेली.

"म्हणजे ही वाफेची जागा?"

"वाफेची म्हण हवं तर."

हट्टीत एका घरी आमचा नाश्ता असतो. पिठलं-भाकरी, ठेचा. आजी तडक चुलीपाशी गेल्या आणि घरच्या ताईंना म्हणाल्या, "एवढी अंडी उकडून दे ग माय, पोराचा जीव अडकलाय." बाजरीतून अंडी निघाली. पाच धड, एक तडकलेलं. ताईंनी बाजरी परत द्यायला डबा पुढे केला, तर आजींनी ती त्यांच्याच सुपात ओतली.

पोरगं चुलीसमोर उकिडवं बसलं होतं. चुलीचे तीन दगड काजळीनं काळे झालेले. त्यानं आपल्या हातातला दगड त्यातल्या एकाला लावून बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"काका, हा पण तोच?"

"तोच."

"मग लाव्ह्यावरच उकडली."

तिवईवाल्यांनी पैसे मागितले, मी तिथंच दिले. मग पोरानं सोललेलं एक अंडं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी मीठ मागितलं. मीठ कुणीच आणलं नव्हतं, ताईंनी आतून खडेमीठ आणून दिलं.