बांकाबाईला जाळतो आपण, पण राज्य तिच्या आधीच गेलं होतं

लहानपणी नागपुरात मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही सकाळीच इतवारीत जाऊन उभे राहायचो. पाऊस नुकताच पडून गेलेला, रस्त्यावर चिखल, आणि गर्दीतून ती काळी मारबत, बाईचा मोठा पुतळा, डोलत येताना दिसली की सगळे एकदम ओरडायचे, ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ बाजूला कोणीतरी मोठं माणूस हमखास सांगायचं की ही बांकाबाई, भोसल्यांची राणी, इंग्रजांना जाऊन मिळाली म्हणून हिला जाळतात. माझी आजी मात्र दरवर्षी एकच म्हणायची, "त्या बाईले कायले बोल लावता बापा, घर तं भावाभावायनंच मोडलं." तेव्हा ते डोक्यावरून गेलं. आता काही महिन्यांपासून नागपूरकर भोसल्यांबद्दल मिळेल ते वाचून राहिलो आणि आजीचं वाक्य डोक्यातून जात नाहीये.

आधी राज्य केवढं होतं ते बघा. पहिल्या रघूजींनी बंगालवर स्वाऱ्यांमागून स्वाऱ्या केल्या, १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखानानं त्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकरांना बोलणी करायला बोलावून मारलं तरी हे थांबले नाहीत, शेवटी १७५१ मध्ये अलिवर्दीनं ओरिसा सोडला आणि वर बंगालची चौथ म्हणून वर्षाला १२ लाख रुपये द्यायचं कबूल केलं. म्हणजे आपल्या नागपूरच्या महाल भागातून पार ओरिसातल्या कटकपर्यंत हुकूम चालायचा.

१७५५ मध्ये रघूजी गेले. जानोजी, मुधोजी, बिंबाजी, साबाजी असे चार मुलगे. जानोजी वयानं मोठे पण धाकट्या राणीचे, मुधोजी थोरल्या राणीचे, मग गादी कोणाची? हे घरात बसून मिटवायचं सोडून वाद गेला पुण्याला. पेशव्यांनी नजराणा घेतला, जानोजींना सेनासाहेब सुभा, म्हणजे भोसल्यांच्या गादीचा किताब, दिला आणि मुधोजींना चांदा, आताचं चंद्रपूर, दिला. माझ्या मते कीड लागली ती इथंच. निवाडा करायला बाहेरचा आला की तो फुकट येत नाही, आणि एकदा आला की त्याला आपल्या घराचं दार माहीत होतं.

१७७२ मध्ये जानोजी वारले, त्यांना मूलबाळ नव्हतं, मुधोजींचा मुलगा दत्तक घ्यायचं ठरलेलं, पण साबाजींना ते मान्य नव्हतं. तीन वर्षं भाऊ भाऊ एकमेकांवर फौजा घेऊन फिरले. उमरेड रोडला पाचगाव लागतं ना, तिथं १७७५ मध्ये शेवटची लढाई झाली. मुधोजी जवळजवळ हरलेच होते, साबाजींनी त्यांना घेरलं आणि शरण ये म्हणत आपला हत्ती थेट भावाच्या हत्तीजवळ आणला, आणि मुधोजींनी पिस्तूल काढून तिथंच गोळी घातली. भावाला, इतक्या जवळून. मी त्या रस्त्यानं शंभरदा गेलो असेन पण हे वाचल्यापासून पाचगाव आलं की कसंतरीच होतं.

मग दुसरे रघूजी. १८०३ चं इंग्रजांशी युद्ध, असई, अडगाव, गाविलगड, सगळं तीन महिन्यांत हरलं आणि देवगावच्या तहात कटक गेलं, वर्धा नदीच्या पलीकडचं वऱ्हाडही गेलं. उत्पन्न घटलं पण खर्च तेच. मग उरलेल्या गावांना पिळणं सुरू झालं, नवेनवे कर, फौजेचा पगार थकला की शिपाई शेतकऱ्यालाच लुटायचे, वरून पेंढारी होतेच. लोक राजाला ‘बडा बनिया’ म्हणायला लागले. ज्या राज्याची रयत राजाला असं नाव ठेवते त्या राज्यासाठी उद्या कोण उभं राहणार?

१८१६ मध्ये रघूजी गेले आणि पुन्हा तेच. मुलगा परसोजी दुबळा, कारभार रघूजींची राणी बांकाबाई हिच्या गटाकडे, आणि पुतण्या आप्पासाहेबाला तो पाहिजे होता. त्यानं काय केलं? नागपुरातला इंग्रजांचा रेसिडेंट जेंकिन्सला हाताशी धरलं आणि मे महिन्यात तैनाती फौजेच्या तहावर सही केली. म्हणजे इंग्रजांची फौज नागपुरात आणली ती आप्पासाहेबानं, बांकाबाईच्या लोकांना बाजूला सारायला! पुढच्या फेब्रुवारीत परसोजी मेलेला सापडला. आणि नोव्हेंबरात हाच आप्पासाहेब सीताबर्डीच्या टेकडीवर त्याच इंग्रजांशी लढला.

शौर्य कमी पडलं असं कोणी म्हणू नये. सीताबर्डी हरल्यावरही भोसल्यांच्या पदरचे अरब शिपाई शहर सोडायला तयार नव्हते, आज आपण ज्याला गांधी गेट म्हणतो त्या जुम्मा दरवाज्यावर २४ डिसेंबर १८१७ ला इंग्रजांनी हल्ला केला तर त्यांनी तो परतवला. पण ते लढत होते तेव्हा त्यांचा राजा आधीच इंग्रजांच्या छावणीत जाऊन बसला होता.

बांकाबाई त्यानंतर समोर येते. गादीवर लहान पोरगा, तिसरे रघूजी, ती त्याची पालक, आणि खरा कारभार जेंकिन्सकडे. १८५७ मध्ये तिनं आपल्या माणसांना उठाव करू नका म्हणून सांगितलं हेही खरंच, लपवायचं कारण नाही. पण त्याच्या आधीचं कोणी सांगत नाही. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी दत्तक न घेता वारले, १८५४ मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं, आणि सत्तरी ओलांडलेल्या या बाईनं ते मानलं नाही, वकील थेट लंडनला पाठवले. इकडे राजवाड्याचे हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, मिळेल त्या भावाला गेले, दागिने विकायला कलकत्त्याला रवाना झाले. आणि हे सगळं ती महालातल्या त्याच वाड्यात राहून बघत होती.