टाचेमागची चार बोटं

स्मरणिका समितीच्या पत्रात दोन गोष्टी होत्या. मनोगत दोनशे शब्दांत आटोपावं ही एक, आणि भूगोलाचे सर नागपूरहून कार्यक्रमाला येणार आहेत ही दुसरी. दुसरी वाचल्यावर पहिली पाळणं माझ्याच्यानं होणार नाही. संपादक मंडळानं माफ करावं.

आमची 1991 ची दहावीची बॅच. टिनाचा हॉल, हापशीवरची रांग, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, शनिवारची सकाळची शाळा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग गायब, हे सगळं बाकीचे मित्र लिहितीलच. मुख्याध्यापकांच्या छडीसाठी तर वेगळी पुरवणी काढावी लागेल. मी फक्त सरांबद्दल लिहितो.

सर आठवीला आम्हाला भूगोल शिकवायचे. पुस्तक दिवाळीपर्यंत उघडायचे नाहीत. पहिल्याच तासाला फळ्यावर त्यांनी लिहिलं होतं, ‘आपण : 20.5 उत्तर, 78.8 पूर्व’. म्हणाले, ‘‘हा आपला पत्ता. गाव, पोस्ट, तालुका हिंगणघाट हे पोस्टमनसाठी. सूर्यासाठी हा.’’ दोन ओळींचा तो पत्ता आजही माझ्या जिभेवर आहे. पिनकोड मात्र विसरलो.

त्या वर्षी जुलैत त्यांनी मैदानाच्या मधोमध हापशीचा एक जुना पाइप रोवला. गवंड्याकडून ओळंबा आणून तो चहूबाजूंनी सरळ केला. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, साडेतेवीस अंशांवर. सूर्य तिथवर जातो आणि परत फिरतो, म्हणून आपल्या अगदी डोक्यावरून तो वर्षात दोनदा जातो. जाताना एकदा, येताना एकदा. त्या दिवशी भरदुपारी उभ्या काठीला सावली नसते. ‘‘दिल्लीच्या पोरायले हे जन्मात दिसत नाही,’’ असं सर म्हणाले तेव्हा आमची छाती उगाच फुगली होती. 20 जुलै, 12 वाजून 21 मिनिटं ही वेळ त्यांनी फळ्यावर आठवडाभर पुसू दिली नव्हती.

पण विदर्भातला जुलै तो. त्या दिवशी आभाळ असं गच्च भरलं की पाइपच दिसेनासा व्हायची वेळ आली. आम्ही गोल करून उभे, सर घड्याळाकडे पाहताहेत आणि 12.21 ला नेमकी झड सुरू झाली. सगळी पोट्टी टिनाच्या हॉलकडे पळाली. सर तिथंच भिजत उभे होते. मग आत आले आणि चष्मा पुसत म्हणाले, ‘‘येताना हुकला. आता 23 मेला जाताना गाठू. सारे येजा.’’ मे फार लांब होता, म्हणून आम्ही सगळे एका सुरात ‘हो सर’ म्हणालो.

सर विसरले नाहीत. 22 मेच्या संध्याकाळी सायकल घेऊन घरोघरी फिरले. आमच्याकडे आले तेव्हा बाबा अंगणात वखर नीट करत बसले होते. ‘‘एवढ्या उन्हात पोराले कायले बोलावता जी मास्तर?’’

‘‘सावली नाहीशी होते, ते दाखवायचं आहे.’’

‘‘आमच्या इकडं सावली हायेच कुठी?’’ बाबा हसले. पण जा म्हणाले.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापायचे नऊ दिवस, लागायला दोन दिवस होते. ते ऊन ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळत नाही. त्रेचाळीसपैकी नऊ जण आलो. डोक्याला दुपट्टे, खिशात कांदा. माझ्या टायरच्या चपलेचा अंगठा तुटून महिना झाला होता आणि पेरणीच्या तोंडावर घरात तो विषय काढायची सोय नव्हती. शाळेपर्यंत मी या कडुनिंबाखालून त्या कडुनिंबाखाली पळत आलो. मैदानात कडुनिंब नव्हता.

सर गुडघ्यावर बसून ओळंबा पाहत होते. घड्याळ सकाळीच आकाशवाणीच्या वेळेशी लावून आणलं होतं. बारा वाजता सूर्य डोक्यावर का येत नाही, ते तिथंच उन्हात त्यांनी समजावलं. देशाची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखावृत्ताची, आपण त्याच्या पावणेचार अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं उशीर. मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या साडेतीन मिनिटं पुढं चालतो, तेवढी वजा करायची. म्हणजे 12 वाजून 11 मिनिटं आणि वर थोडं. माझं मात्र लक्ष नव्हतं. मी एक पाय उचलत होतो, तो टेकवून दुसरा उचलत होतो.

सरांनी मान वर केली, माझ्या पायांकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. स्वतःच्या पायांतल्या चपला काढल्या आणि पायानंच माझ्याकडे सरकवल्या.

‘‘घाल. अन् हलू नको. तुझी सावली मले सरळ पाहिजे.’’

ते स्वतः रांजणाजवळचं ओलं पोतं ओढून त्यावर उभे राहिले. पोतं पाच मिनिटांत कोरडं झालं असणार. हे गणित मी पुष्कळ वर्षांनी केलं.

पाइपाची सावली आखडत बुडाशी गोळा झाली आणि मग नव्हतीच. नुसता पाइप, जमिनीत घुसलेला. कोणी बोलेना. शेवटी कोणीतरी घाबऱ्या आवाजात विचारलं, ‘‘सर, गेली कुठी?’’

‘‘गेली नाही बाबू. ज्याची त्याच्या पायाखाली आहे.’’

सगळ्यांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. माझ्या पायाखाली सरांच्या चपला होत्या, टाचेमागं चार बोटं रिकाम्या. थोड्या वेळानं पाइपाच्या पूर्वेला सावलीचं नखाएवढं टोक फुटलं आणि सर लहान मुलासारखे हसले.

त्या चपला मी घरी घालून गेलो. दुसऱ्या दिवशी परत करायच्या होत्या, पण सर सुटीसाठी गावी निघून गेले. जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा त्यांच्या पायांत नव्या चपला होत्या. मी विषय काढला नाही, त्यांनीही नाही. दहावीपर्यंत त्या मला बरोबर बसायला लागल्या होत्या.

दहावीत सर आम्हाला एसटीनं हिंगणघाटला घेऊन गेले. बाजार नाही, जिनिंग नाही, थेट एका कबरीवर. विल्यम लॅम्बटन. 10 एप्रिल 1802 ला मद्रासला जमिनीवर साखळी टाकून या माणसानं देश मोजायला सुरुवात केली, कोन मोजायचं अर्ध्या टनाचं यंत्र, थिओडोलाइट, घेऊन कोनाला कोन जोडत उत्तरेकडे सरकत राहिला आणि नागपूरच्या वाटेवर 20 जानेवारी 1823 ला आपल्या हिंगणघाटात मेला. बाकीच्यांना भूक लागली होती. माझ्या डोक्यात मात्र एकच आलं, की मोजणं हे पोटापाण्याचं काम असू शकतं.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा झालो. नोकरीला लागलो तेव्हा साखळी आणि प्लेन टेबल होतं, मग ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक मशीन आलं, आता दांड्यावरचा रोव्हर आहे. उपग्रहाकडून काही सेंटिमीटरपर्यंत जागा कळते. तरी शेताच्या धुऱ्यावर दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असले की मशीन काही बोलत नाही. एका 23 मेला असाच एक तंटा मोजत होतो. घड्याळात बारा वाजून गेले होते. मी रोव्हरचा दांडा सरळ केला आणि दोघांना म्हणालो, जरा इकडे पाहा. दोघंही वाकून पाहू लागले. तंटा काही मिटला नाही, तो आजही कोर्टात आहे. पण तेवढी पाच मिनिटं कुऱ्हाडी जमिनीवर होत्या.

मागच्या महिन्यात शाळेत येऊन गेलो. मैदानाला पेव्हर ब्लॉक बसवलेत. छान दिसतात, खोटं कशाला बोलू. पाइपाची जागा शोधली, सापडली नाही. भूगोलाचा तास बरेचदा गणिताच्या जादा वर्गाला जातो, असं पोरांकडून कळलं. गावातली निम्मी पोरं सकाळी व्हॅनमध्ये बसून इंग्रजी शाळेत जातात. माझीही वर्ध्याला तशाच शाळेत शिकली, तेव्हा मी कोणत्या तोंडानं बोलू?

परवा चपलेच्या दुकानात गेलो. दुकानदारानं नंबर विचारला. मी खाली वाकून टाचेमागं चार बोटं ठेवून पाहिली आणि ध्यानात आलं, की ते माप आठवीतल्या पायाचं. ‘‘कोणासाठी पाहिजे, साहेब?’’ त्यानं पुन्हा विचारलं.

आठ आणि नऊ, दोन्ही नंबर बांधून घेतले.