केनियाचं तिकीट काढलंत? मग पिवळं कार्ड आधी

मसाई माराचं बुकिंग झालं की लोक आधी दुर्बिणीच्या मागे लागतात आणि येलो फीवरची लस शेवटच्या आठवड्यात आठवते. मुंबईहून थेट नैरोबीला उतरताना ही लस घेतल्याचं पिवळं कार्ड कुणी मागेलच असं नाही. (तिथून गाडीने टांझानियात शिरलात, तर मागतात.) खरी अडवणूक परतताना, आपल्याच विमानतळावर होते. भारतात हा ताप नाही, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास, म्हणजे आपला डेंग्यूवालाच, इथे मुबलक आहे. म्हणून केनिया, युगांडा, इथिओपिया, ब्राझील अशा देशांतून निघून सहा दिवसांच्या आत इथे पोचलात आणि वैध कार्ड नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. हुज्जत घालून उपयोग नसतो.

लस टोचल्यावर दहा दिवसांनी कार्ड वैध होतं आणि मग आयुष्यभर चालतं. दहा वर्षांची मुदत जुलै २०१६मध्ये गेली, तेव्हा जुनं कार्ड कपाटात असेल तर पुन्हा टोचून घेऊ नका.

ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. एका कुप्पीत अनेकांचे डोस असतात, प्रत्येकी ०.५ मिली. पावडरीत द्रावण मिसळलं की सहा तासांत कुप्पी संपवावी लागते, उरलेली फेकून द्यायची. त्यामुळे बरीच केंद्रं ठरावीक वारीच, नावनोंदणी करून बोलावतात. तारीख मिळेपर्यंत दिवस जातात; प्रवासाच्या महिनाभर आधी हालचाल करा.

लस जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूची असते आणि कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणावर वाढवतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी, केमोथेरपी, स्टेरॉइडचे मोठे डोस, थायमसचा (छातीतल्या ग्रंथीचा) आजार, गर्भारपण, यातलं काहीही असेल तर आधी सांगा. नऊ महिन्यांखालच्या बाळाला देत नाहीत. साठी उलटलेल्यांनी पहिलाच डोस असेल तर डॉक्टरांशी नीट बोलावं; गंभीर दुष्परिणाम विरळा, पण या वयात धोका वाढतो. आजी-आजोबांना सोबत नेणाऱ्यांनी हे बुकिंगआधीच तपासावं, कारण वैद्यकीय सूटपत्र असलं तरी विलगीकरण टळेलच असं नाही. गोवराची एमएमआर लसही घ्यायची असेल तर एकाच दिवशी घ्या, नाहीतर चार आठवड्यांचं अंतर ठेवा.

कार्ड हातात पडलं की खिडकीवरच वाचा. नाव आणि नंबर पासपोर्टशी जुळतो का, महिना अक्षरात लिहिलाय का, लशीचा बॅच नंबर, डॉक्टरांची हाताने केलेली सही, केंद्राचा शिक्का. खाडाखोड दिसली तर तिथल्या तिथे नवं कार्ड मागा. खोडलेलं कार्ड अवैध ठरवता येतं.