लायब्ररीला कुलूप

आज फिलाडेल्फियातल्या एका सरकारी शाळेत गणित शिकवायला मदतीला गेले होते. लायब्ररीला कुलूप. काचेतून डोकावले तर पुस्तकांच्या मांडण्यांवर जुने टेबलफॅन रचून ठेवलेले. माझ्या लेकीची शाळा तिथून वीस मिनिटांवर, तीही सरकारीच, आणि तिथे थ्रीडी प्रिंटरसुद्धा आहे!

फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे त्या पेन्सिल्व्हेनियात शाळांचा बराचसा पैसा त्या त्या भागातल्या घरपट्टीतून येतो. घरं महाग, तिथे शाळेची चंगळ. ही पद्धत राज्याच्या स्वतःच्या घटनेत बसत नाही, असं तिथल्या कोर्टाने २०२३ मध्येच सांगितलंय. पोरांनी आणखी किती थांबायचं?

चौथीतल्या एका मुलीच्या पुस्तकातलं अपूर्णांकाचं पानच फाटलेलं. तिने ते शेजारणीच्या पुस्तकावरून वहीत उतरवून घेतलं होतं, आकृत्यांसकट, रंग भरून. पुढच्या गुरुवारी तिच्यासाठी नवं पुस्तक नेणार आहे.