नवे पार्ट, जुनं दुखणं: २,८७,००० किमी झालेल्या फोर बाय फोरची नोंदवही

२,८७,४१२ किमी

गाडी दारात येऊन पंधरा दिवस झाले. शिडीच्या चासीवरची, चार सिलिंडरची डिझेल, पाच गिअर, पार्ट-टाइम फोर बाय फोर, म्हणजे पुढची चाकं गरजेपुरतीच जोडायची. पुढे-मागे दोन्हीकडे सलग एक्सल, पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब. विकणारा म्हणाला होता, "थोडी थरथरते, पण या गाड्या अशाच असतात." अशाच नसतात.

माझ्या तक्रारी अशा. सत्तरच्या आसपास सीटखाली बारीक थरथर. जागेवरून हलताना मागून एक 'टण्'. मागच्या डिफच्या (एक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना फेर वाटून देणारा दातेरी चाकांचा डबा) तोंडाशी तेलाचा ओघळ. आणि एकदा फोर-हायमध्ये (चारही चाकं जोडलेली, वेग नेहमीचा) टाकलेला लिव्हर बाहेर यायला राजी नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर आहे, पण तो किरकोळ निघाला, त्याचं नंतर.

पहिल्या रविवारी एकही नट सैल केला नाही. गाडी धुतलीही नाही, कारण धुतली की गळतीचा माग जातो. टॉर्च आणि फडकं घेऊन खाली शिरलो आणि जे जे नवं दिसतंय ते वहीत लिहिलं. इंजिन माउंट नवे, रबरावरचा कागदी लेबलचा तुकडा अजून चिकटलेला. मागचे दोन्ही शॉकअप नवे. मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग बदललेलं. मागचे दोन टायर नवे. डिफचं पिनियन सील (डिफमध्ये फेर आणणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या दांड्याभोवतीचं, तेल अडवणारं कडं) नवं, आणि तरी गळतंय.

एवढ्या चाललेल्या गाडीत जुनं काय आहे हे पाहण्यात फारसा अर्थ नाही, सगळंच जुनं असतं. नवा पार्ट मात्र बोलतो. तो आधीच्या कुणाचा तरी अंदाज असतो, आणि दुखणं अजून तिथेच असेल तर तो अंदाज चुकलेला असतो. ही यादी वाचली तर गोष्ट सरळ दिसते: थरथर होती म्हणून माउंट बदलले, गेली नाही म्हणून बेअरिंग, मग टायर, मग शॉकअप. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बिलांच्या फायलीत या सगळ्याच्या आधीचं काम कोणतं, तर क्लच प्लेट. तेव्हा मीटर २,७८,००० च्या आसपास होतं. क्लच काढायचा तर गिअरबॉक्स उतरवायची, आणि गिअरबॉक्स उतरवायची तर आधी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या डिफपर्यंत फेर नेणारा लांब दांडा, काढायचा. एवढं वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

२,८७,४६० किमी

थरथर कुठून येते हे अंगाला कळत नाही. सीट, स्टिअरिंग, पत्रा, सगळंच हलतं. आकडा मात्र सांगतो, म्हणून हा भाग सविस्तर लिहितोय.

मागच्या टायरला जमिनीशी खडूची खूण केली, गाडी सरळ ढकलत चाकाचा एक फेरा पूर्ण केला आणि टेपने अंतर मोजलं: २.२४ मीटर. ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला बरोबर २० मीटर, म्हणून तोच वेग धरला. २० भागिले २.२४, म्हणजे चाक सेकंदाला साधारण ९ वेळा फिरतं.

आता डिफचं गुणोत्तर. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावले, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा, मागचं एकच चाक जॅकवर उचलून एक्सलखाली स्टँड. शाफ्टलाही खडूची खूण. उचललेलं चाक हाताने २० फेरे फिरवलं, तर शाफ्ट ४१ फेरे फिरला. दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असताना डिफचं क्राउन (आतलं मोठं दातेरी चाक) निम्मंच फिरतं, म्हणजे क्राउनचे १० फेरे आणि शाफ्टचे ४१. गुणोत्तर ४.१. मोजताना भाच्याचा आकडा एकदा चुकला आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. (चाक फिरवणाऱ्यानेच मोजू नये.)

म्हणजे ७२ च्या वेगाला चाकाची थरथर ९ हर्ट्झच्या (सेकंदाला ९ वेळा) आसपास असणार, ती ढकलल्यासारखी जाणवते. शाफ्टचा तोल गेला असेल तर सुमारे ३६ ते ३७, ती गुणगुण. आणि शाफ्टच्या क्रॉसचा (टोकाच्या वळत्या जोडाचा) कोन बिघडला असेल तर त्याच्या दुप्पट, ७३, कारण क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा झटका देतो.

भाचा स्टिअरिंगवर, मी मागे, फोन सीटच्या बोल्टवर टेपने घट्ट चिकटवलेला, त्यात थरथर मोजायचं ॲप. पहिल्या दिवशी आलेखाचं टोक आलं २७ ला. २७ कशातच बसेना, एक अख्खी संध्याकाळ डोकं खाल्लं. मग लक्षात आलं की तो जुना फोन सेकंदाला १०० वेळाच मोजतो. तेवढ्यात ५० च्या वरची थरथर खरी दिसतच नाही, उलटी दुमडून खाली येते, आणि १०० मधून ७३ गेले की उरतात २७. दुसऱ्या फोनवर, जो २०० वेळा मोजतो, टोक आलं ७३ ला. टायर, बेअरिंग आणि शाफ्टचा तोल, तिघेही एका फटक्यात सुटले.

पण घाई नको. चौथा गिअर सरळ एकास एक आहे. म्हणजे चौथ्यात इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, आणि चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोन ठोके देतं. त्याचेही ७३! माउंट बदलणारा बहुतेक इथेच फसला असावा. म्हणून भाच्याला म्हटलं, रिकामा रस्ता बघून ७२ वर न्यूट्रल कर. इंजिन आयडलला आलं, थरथर तशीच, टोक ७३ लाच.

"मामा, म्हणजे इंजिन नाही?"

"नाही. आता घरी चल, शाफ्ट काढू."

२,८७,४७८ किमी

काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर (बोल्ट बसतात त्या चकत्या) पांढऱ्या रंगाच्या रेघा, जसा होता तसाच परत बसला पाहिजे म्हणून. आठ बोल्ट. शाफ्ट खाली आला तो मातीत मळलेल्या ग्रीसच्या सालीसकट. फरशीवर ठेवून एका टोकाकडून नजर लावली तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका ओळीत नाहीत. नजरेला सहज तीसेक अंशांचा फरक.

सरकत्या जोडाजवळची (शाफ्टचे दोन तुकडे जिथे एकमेकांत सरकतात तिथली) साल स्क्रू ड्रायव्हरने खरवडत होतो. एक ठोकलेला बाण दिसला, नखाएवढा. भाचा विचारतो, "दुसरा बाण कुठाय?" दुसरा हवा होता समोरासमोर. तो निघाला बाजूला सरकलेला, सालीखाली दडलेला. क्लचच्या वेळी कुणीतरी शाफ्टचे दोन तुकडे वेगळे केले आणि परत घालताना बाण न जुळवता घातले. एवढंच झालं होतं.

ज्यांना यात नवीन आहे त्यांच्यासाठी: क्रॉस कोनात फिरतो तेव्हा एक बाजू एकसारख्या वेगाने फिरली तरी दुसरी प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे रेंगाळते. १० अंशांच्या कोनाला हा फरक दोन्हीकडे साधारण दीड टक्का. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढाच उलटा वागून तो पुसून टाकतो, पण त्यासाठी दोन्ही कोन सारखे आणि योक एका ओळीत हवेत. ओळ चुकली की पुसलं जाण्याऐवजी सगळा झटका डिफच्या पिनियनवर जातो. काही गाड्यांच्या पुढच्या शाफ्टला कंपनीच मुद्दाम योक वळवून ठेवते, तेव्हा "ओळीत नाही" म्हणून लगेच फिरवू नका, आधी तुमच्या गाडीचं मॅन्युअल उघडा.

सरकत्या जोडाचे दात कोरडे ठणठणीत होते. हलताना येणारा 'टण्' तोच. गाडीवर जोर आला की मागचा एक्सल जरा वळतो, जोड सरकायला पाहिजे तो अडकतो आणि मग एकदम सुटतो. मागचा क्रॉस हातात धरून हलवला तर मधोमध खाच जाणवली, एका टोपीतून तांबूस भुकटी पडली. तो बदलला. टोपी दाबताना तिच्यातल्या बेअरिंगची एक सुई (बारीक सळई) आडवी पडली आणि टोपी अर्ध्यावर अडली. हातोडा उचलायचा मोह झाला होता, आवरला. टोपी काढून ग्रीसमध्ये सगळ्या सुया पुन्हा उभ्या केल्या, मग दोन बोटांच्या जोरावर गेली.

बाण समोरासमोर, दातांना ग्रीस, शाफ्ट वर. ७२ ला फोनवरचं टोक जवळजवळ सपाट. 'टण्' गेला. ९५ ला अजून हलकी थरथर आहे, तिचा आकडा १२ च्या आसपास, म्हणजे चाक. ती आणि आधीची एकच समजलो असतो तर अजून टायरच बदलत बसलो असतो.

२,८७,५३० किमी

पिनियन सील. नवं सील गळतंय म्हटल्यावर सील बदलायला हात शिवशिवतात. त्याऐवजी एक्सलच्या माथ्यावरचा ब्रीदर काढला. चिखलाने गच्च. फुंकर मारली तर गाल दुखले, हवा जाईना. डिफ चालून तापलं की आतली हवा फुगते, तिला वाट नसली की ती सीलमधून तेल ढकलते. उलट, तापलेला एक्सल पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधूनच पाणी आत ओढते. दोन्ही झालं होतं. ड्रेन प्लग उघडला तर तेल करडं-दुधाळ.

ब्रीदर साफ करून पाइपने वर बॉनेटच्या उंचीला नेला. तेल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नका. जुन्या गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रोला (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) जीएल-५ मधली गंधकाची रसायनं मानवत नाहीत, तिथे मॅन्युअल म्हणतं तेच, बहुतेक ठिकाणी जीएल-४.

सील अजून बदललेलं नाही. बदलायची वेळ आली तर पिनियनचा नट सोडण्याआधी नटावर आणि शाफ्टवर खूण आणि बाहेर दिसणाऱ्या आट्यांची मोजणी. बऱ्याच डिफमध्ये त्या नटाखाली चेपली जाणारी स्लीव्ह असते आणि बेअरिंगचा ताण तीच ठरवते. इम्पॅक्ट गनने नट आवळला की ती जास्त चेपते, आणि चेपलेली परत फुगत नाही. माझ्या गाडीचा नट पूर्वी कुणी कसा आवळला हे मला माहीत नाही, आणि तीच मला काळजी आहे.

२,८७,५९० किमी

फोर-हायचा लिव्हर. ट्रान्सफर केस (पुढे आणि मागे फेर वाटणारी पेटी) उघडण्याच्या तयारीत होतो. त्याआधी खडू पुन्हा काढला. मागच्या नव्या टायरचा फेरा २.२४, पुढच्या झिजक्या टायरचा २.२१. हाताच्या बोटात मावणारा फरक. पण १०० मीटरला मागचं चाक ४४.६ फेरे फिरतं आणि पुढचं ४५.२. अर्ध्याहून जास्त फेरा, शाफ्टच्या हिशेबात अडीच. पार्ट-टाइम गाडीत मध्ये डिफ नसतो, हा फरक जिरवायला चाक घसरलं पाहिजे. वाळूत घसरतं. कडक जमिनीवर घसरत नाही, सगळा पीळ दातांमध्ये साठतो आणि लिव्हर धरून ठेवतो. गाडी चार-पाच मीटर सरळ रिव्हर्स घेतली, लिव्हर लोण्यातून निघावा तसा आला. पुढे-मागे चार सारखे टायर होईपर्यंत फोर बाय फोर फक्त मऊ जमिनीवर.

जाता जाता पांढरा धूर: चार ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) मीटरवर धरले, तिघांचा रोध एका ओहमच्या आत, चौथा तुटलेला. बदलला, धूर गेला. कूलंट कमी होत नाहीये आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, म्हणून हेड गॅस्केटचा विचार सोडला.

२,८७,६४५ किमी

एक आवाज उरलाय. थरथर होती तोवर तो ऐकूच येत नव्हता. ६० वर पाय उचलला की मागून बारीक 'हूंऽऽ', पाय दिला की बंद. रिकाम्या रस्त्यावर गाडी डावी-उजवीकडे झुलवून पाहिली. चाकाचं बेअरिंग असतं तर एका बाजूला भार पडल्यावर आवाज बदलला असता. बदलला नाही. पायावर बदलतो म्हणजे डिफच्या आतलंच, दात किंवा पिनियनचं बेअरिंग. पाणी आणि चुकीचा शाफ्ट, दोन्ही त्याने नऊ-साडेनऊ हजार किमी सोसलंय.

ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी मऊ लेप होती, ती चालते. तिच्यात एक कपची मिळाली, तांदळाच्या दाण्याच्या अर्धी, एक कड चकचकीत. ती डबीत ठेवली आहे आणि डबीवर मीटरचा आकडा लिहिला आहे. ५०० किमीनंतर तेल पुन्हा काढणार. दुसरी कपची आली तर डिफ उघडतो. तोवर पिनियन सीलला हात नाही.