आमची वाटचाल: उसाच्या जिल्ह्यात वाईन

कोल्हापुरात वाईन करतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "द्राक्षं कुठनं आणता?" रास्त आहे. आमचा जिल्हा उसाचा आणि दुधाचा. द्राक्षं येतात शेजारच्या सांगलीतनं, तासगाव-पलूस पट्ट्यातनं. पहाटे तोडणी होते आणि ऊन चढायच्या आत क्रेट शेडवर पोचतात. त्याहून लांबची बाग आम्ही घेतच नाही. बाहेरनं यीस्ट न घालता सालीवरच्याच यीस्टवर काम करायचं, तर तापलेला माल घेऊन चालत नाही.

राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ साली आलं, पलूसला वाईन पार्कही झालं. पण त्या भागातला बागायतदार मूळचा खायच्या द्राक्षाचा आणि बेदाण्याचा. आमचे आण्णा त्यातलेच. मणी फुगवायला जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) द्यायचं नाही, मणी बारीकच हवेत, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजे पैसे घिऊन वाईट द्राक्षं पिकवायची व्हय?" लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतनं येतो, बारीक मण्यात रसाच्या मानानं साल जास्त, हे त्यांना पटलं. पण वजन घटणार त्याचं काय? शेवटी भाव किलोवर न धरता एकरावर धरला, तेव्हा जमलं.

आमची मुख्य वाईन शिराज या काळ्या द्राक्षाची. तिच्यात थोडी व्हियोनिये, म्हणजे पांढरी द्राक्षं, असतात. तयार वाईन एकमेकींत मिसळणं वेगळं. आम्ही दोन्ही द्राक्षं एकाच टाकीत आंबवतो. फ्रान्समध्ये कोत-रोती या वाईनच्या भागातली ही जुनी रीत. तिथं नियमाप्रमाणं व्हियोनिये २० टक्क्यांपर्यंत चालते, आम्ही ५ टक्क्यांच्या आसपास थांबतो. पांढऱ्यानं रंग उतरेल असं कुणालाही वाटतं. होतं उलटं. पांढऱ्या सालीतले काही घटक काळ्या सालीतल्या रंगाला धरून ठेवतात आणि वाईन गडद दिसते. प्रमाण वाढवलं की मात्र रंग खरंच उतरतो, आणि शिराजचा मिरीसारखा वास जर्दाळूच्या वासाखाली दबतो.

खरी अडचण तोडणीची. व्हियोनिये आधी पिकते, शिराज मागनं, आणि टाकी तर एकाच दिवशी भरायची. थंड मुलखात यावर फार काही करता येत नाही. आपल्याकडं वेल थंडीनं झोपत नाही. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि माल कधी येणार ते या दुसऱ्या छाटणीवर ठरतं. "मग पांढरी आठ-दहा दिस मागनं छाटू की," आण्णा म्हणाले. आमच्या धंद्याची सगळ्यात मोलाची युक्ती ही अशी बांधावर मिळाली.

टाकी म्हणजे डेअरीतला दूध गार ठेवायचा जुना बल्क कूलर, कोल्हापुरात तो मिळायला काय तोटा! खाली व्हियोनिये, वर शिराज. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रस उकळल्यासारखा होतो आणि साली वर येऊन जाड थर धरतात. तो थर दिवसातनं तीन-चारदा लाकडी दांड्यानं खाली दाबायचा, नाहीतर वरच्या वर आंबट होतो. तेव्हा शेडची दारं उघडी लागतात, कारण कार्बन डायऑक्साईड जमिनीलगत साचतो. तापमान ३० अंशांच्या वर जाऊ लागलं की कूलर चालू. ३५ च्या पुढं यीस्ट दमतं आणि साखर तशीच राहते.

कमीत कमी ढवळाढवळ हे आमचं धोरण, पण 'काहीच नको' हा हट्ट नाही. उन्हाच्या प्रदेशात द्राक्षातली आंबटाई लवकर घटते, आणि ती घटली की नको ते जंतू माजतात. म्हणून तोडणी थोडी अलीकडं, २२ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) सुमारास, आणि बाटली भरताना वाईन टिकायला थोडं सल्फाईट. शुद्धतावादी मंडळी यावर नाक मुरडतात. खुशाल मुरडोत. वाईन अगदीच वाऱ्यावर सोडली तर तिचं व्हिनेगर होतं.

परवान्याचे हेलपाटे, लेबलची मंजुरी, पाहुण्यांचं "दारूचा धंदा व्हय?", हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं, त्यावर काय लिहायचं.

आता पुढचं. व्हिएन्नात एकाच बागेत मिसळून लावलेल्या पांढऱ्या जाती एकत्रच तोडून एकत्र आंबवतात, त्याला गेमिश्टर साट्झ म्हणतात. किमान तीन जाती, आणि कुठलीही निम्म्याहून जास्त नाही. तसा एक प्लॉट आण्णांकडं लावायचा आहे. त्यांची हरकत एकच: एकाच ओळीत एक जात फुलोऱ्यात आणि दुसरी मणी धरलेली असली, तर डावणी या बुरशीच्या रोगाची फवारणी कुणाच्या हिशोबानं करायची? चर्चा चालू आहे.