माणसाच्या गाठीवर का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. लग्नाच्या पंगतीत, आढावा समितीसमोर, सगळीकडे तेच: "पिट्युइटरीच्या गाठी माणसांना होतात ना? मग तुम्ही उंदरांच्या पेशी काय घेऊन बसलात?"

पिट्युइटरी म्हणजे मेंदूखालची, हार्मोन सोडणारी ग्रंथी; तिच्या गाठींतल्या पेशी एकमेकींशी काय बोलतात, ते मी लॅबमध्ये ऐकते. केलंय हो माणसाच्या गाठीवर. आणि तोंडावर आपटलेय.

ॲक्रोमेगाली (पिट्युइटरीच्या गाठीतून ग्रोथ हार्मोन जास्त सुटून हातपाय, जबडा वाढतो तो आजार) झालेले एक काका होते. नाकावाटे काढलेल्या त्यांच्या गाठीतला शिताएवढा तुकडा आमच्या वाट्याला आला. बर्फाच्या डब्यात घालून, डबा मांडीवर धरून रिक्षाने लॅब गाठली. आठवडाभर काही हललं नाही. मग पेशी पसरायला लागल्या. एफजीएफ हा ग्रोथ फॅक्टर घातला, तर डिश भरून वाहायची बाकी राहिली. काका तपासणीला आले आणि त्यांनी विचारलं, "माझ्या गाठीचं काय म्हणतंय?" मी कौतुकाने म्हणाले, "छान वाढतेय!" त्यांचा चेहरा उतरला. ते आठवलं की अजून कान तापतात.

तीन महिन्यांनी मिडियममधलं, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढतात त्यातलं, ग्रोथ हार्मोन मोजलं. जवळजवळ शून्य. वाढत होते ते फायब्रोब्लास्ट, म्हणजे हार्मोन न बनवणाऱ्या, आधार देणाऱ्या ऊतीच्या पेशी. एफजीएफच्या नावातलं पहिलं अक्षरच त्यांचं, तरी मला कळू नये?

माणसाच्या या गाठी बहुधा सौम्य असतात, त्यांच्या पेशी डिशमध्ये फारशा विभागत नाहीत; असं अनेकांच्या बाबतीत घडतं. खरं आहे. पण हार्मोन पहिल्याच आठवड्यात मोजायला कुणी अडवलं नव्हतं. भरलेली डिश बघून मीच हुरळले होते.

म्हणून जीएच३. १९६०च्या दशकापासून चालत आलेल्या, उंदराच्या (रॅट म्हणायला हवं, पण जाऊ दे) गाठीतल्या पेशी. हार्मोन सोडतात, विभागतात. आणि आयएल-६ (पेशी एकमेकींना निरोप म्हणून धाडतात ते एक प्रथिन) दिलं की जोमाने वाढतात. तेच आयएल-६ निरोगी पिट्युइटरीच्या पेशींची वाढ रोखतं. निरोप एकच, ऐकणारा बदललेला. पूर्वी मी भांडायचे की गाठ होण्यात दोष शेजारच्या पेशींचा, निरोप धाडणाऱ्यांचा. पण ॲक्रोमेगालीच्या सुमारे ४० टक्के गाठींत जीएनएएस या जनुकातच बिघाड असतो, निरोप न येताच आतली घंटा वाजत राहते. मग शेजाऱ्यांना किती धरायचं?

आणि आयएल-६ बनवणाऱ्या त्या ताऱ्यासारख्या शेजारपेशी माझ्या फ्लास्कमध्ये नाहीतच. पेशींचं बोलणं ऐकायला मी एकाच जातीच्या पेशी घेऊन बसलेय. हे मात्र पंगतीत अजून कुणी विचारलेलं नाही.